समोरच्यांचा उमेदवार आम्ही निवडला

निवडणूक जिंकायचे दोनच मार्ग असतात. एक म्हणजे आपला उमेदवार चांगला द्यायचा. दुसरा म्हणजे समोरच्यांचा वाईट निघावा म्हणून वाट बघायची. पहिला मार्ग आमच्या पक्षात कोणी वापरून बघितल्याची नोंद सापडत नाही. दुसरा सगळेच वापरतात, पण नुसतं देवाला सांगून गप्प बसतात. आम्ही गप्प बसलो नाही.

आमच्या प्रभागात समोरच्या पक्षाचा उमेदवार आम्ही ठरवला. नाव आम्ही शोधलं, हवा आम्ही केली, तिकीटही आम्हीच मिळवून दिलं. वसई-विरार पट्ट्यात इतकं शिस्तीचं काम आजवर कुठल्या पक्षाने केलेलं नाही, हे आम्ही छाती ठोकून सांगतो. निकालाच्या सकाळी दहा वाजेपर्यंत तर आम्ही ते ओरडून सांगत होतो.

(पक्षांची नावं मुद्दाम देत नाही. हे तुमच्या हातात पडेपर्यंत ती बदललेली असू शकतात. आमचा तो 'आमचा पक्ष' आणि त्यांचे ते 'समोरचे', एवढं धरून चाला.)

प्रभाग तुम्हाला माहीत आहेच, तुम्ही तिथेच राहता. एका बाजूला गास गावाकडच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला नालासोपाऱ्याकडून सरकत सरकत आलेले टॉवर, मध्ये चौक, चौकात विजेचा खांब आणि खांबावर बॅनर. दिव्याची जागा बॅनरने घेतल्यामुळे तिथे संध्याकाळनंतर अंधार असतो, पण दिवसा विकास स्पष्ट दिसतो.

आमचे उमेदवार दिनानाथभाऊ किणी. भाऊ इतकी वर्षं 'भावी नगरसेवक' आहेत की टॉवरमधल्या नव्या लोकांना ते भाऊंचं आडनाव वाटतं. मध्ये बरीच वर्षं निवडणूकच झाली नाही, त्यामुळे काहीही न करता भाऊंचा अनुभव वाढत गेला. या वेळी मात्र मीरावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, सगळ्या कार्यकर्त्यांसमोर चहाचा ट्रे ठेवता ठेवता सांगून टाकलं होतं.

"हे शेवटचं हां. पडलात तर दुसऱ्या दिवसापासून माझ्या भावाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं."

"अगं, पडायचा प्रश्नच येत नाही," भाऊ म्हणाले.

"मागच्या वेळी पण आला नव्हता. आणि ऐका, स्टुलावर बसायचं. खुर्ची त्याची आहे."

भाऊंचा चेहरा पडला. माणसांसमोर हात जोडून उभं राहण्यात ज्याची हयात गेली, त्याने बाथरूमच्या टाइल्ससमोर उभं राहायचं म्हणजे काय, हे राजकारणात असलेल्यालाच कळेल. टाइल्स टाळ्या वाजवत नाहीत.

अडचण एकच होती, आणि तिचं नाव धनेश पाटील. समोरच्यांचा हा प्रभाग अध्यक्ष अत्यंत धोकादायक माणूस होता. फोन उचलायचा. कोणाच्या घरी मयत झालं तर नातेवाइकांच्या आधी पोचायचा आणि लाकडं आली की नाही ते बघायचा. असा माणूस समोर उभा राहिला तर लोकशाहीचं जे काही व्हायचं ते होवो, भाऊ स्टुलावर जाणार हे नक्की होतं.

म्हणून आम्ही समिती नेमली. नाव: 'समोरील उमेदवार निवड साहाय्य समिती'. प्रमुख सुमेध. सुमेध अंधेरीला एका कंपनीत बसून लोकांना कुठल्या वासाचा साबण आवडतो ते काढतो, त्यामुळे पक्षात तो निवडणूकतज्ज्ञ समजला जातो. त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं, "धनेशला पाडायला जायचं नाही. त्याला उभाच राहू द्यायचं नाही. त्यांना दुसरा कोणीतरी आवडला पाहिजे. असा, की जो आपल्याला जास्त आवडेल."

समितीने समोरच्यांच्या सर्व कार्यकर्त्यांची काटेकोर छाननी केली. (ते रोज आमच्याच टपरीवर चहा पितात.) शेवटी एक नाव एकमताने पुढे आलं: गॉडफ्रे तुस्कानो.

गॉडफ्रेभाऊंचं वाडीच्या तोंडाशी मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. माणूस अतिशय सज्जन, आणि कोणालाही नाही म्हणत नाही. हा गुण माणूस म्हणून चांगला असला तरी गाडी शिकवताना जरा जड जातो. शिकणारा विचारतो, "इथून लेफ्ट घेऊ?" गॉडफ्रेभाऊ म्हणतात, "घ्या ना." "की राइट?" "हो, राइट पण बरोबर हाय." त्यांच्या हाताखालून गेलेल्या मंडळींपैकी निम्मी परीक्षेत नापास होतात आणि उरलेली निम्मी पुढे रिक्षाने फिरतात, पण कोणाचीही तक्रार नाही. तक्रार करायला कोणी गेलंच तर गॉडफ्रेभाऊ म्हणतात, "बरोबर हाय तुमचं," आणि तक्रार तिथेच मिटते.

समितीने त्यांना खालील मुद्द्यांवर गुण दिले.

वक्तृत्व: शून्य. आयुष्यात एकच जाहीर भाषण, पुतणीच्या लग्नात टोस्ट. हातात ग्लास घेऊन उभे राहिले, नवऱ्या मुलाचं नाव आठवेना, मागून कोणीतरी चुकीचं नाव सुचवलं, ते म्हणाले "बरोबर", आणि त्या नावाने सगळ्यांनी ग्लास उंचावले. (जोडपं सुखात आहे.)

वाहन: लाल 'एल' लावलेली एक छोटी गाडी. दोन ब्रेक. काळ्या काचा नाहीत.

पक्षनिष्ठा: समोरच्यांचे जुने सदस्य. चौकशीअंती ते आमचेही सदस्य निघाले. कोणीतरी विचारलं होतं.

निवडणुकीचा अनुभव: एकदा पतपेढीच्या संचालकपदाला उभे होते. तिथे त्यांनी स्वतःचं मत विरोधकाला दिलं, कारण विरोधकाने मागितलं.

हा शेवटचा मुद्दा बैठकीत दोनदा वाचून घेण्यात आला. मग दिनानाथभाऊंनी डोळे पुसले आणि म्हणाले, "हाच. देवाने पाठवलाय."

आता काम सोपं वाटत होतं. समोरच्या पक्षात तिकीट सर्व्हेवर मिळतं. मुंबईहून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो आणि विचारतो की आपल्या प्रभागात अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. त्यांच्या यादीत गॉडफ्रेभाऊंचं नाव तिसरं होतं, भरीला घातलेलं. फोन प्रभागातल्या कोणालाही येतो, तो आमच्या लोकांनाही आला. आमच्या प्रत्येक माणसाने तीन दाबलं. ज्यांना फोन आला नाही त्यांनी ज्यांना आला त्यांच्या घरी जाऊन तीन दाबलं. समोरच्यांच्या इतिहासात एखाद्या माणसाला इतका कौल कधी मिळाला नव्हता. वरच्या नेत्यांना संशय आला. त्यांनी निरोप पाठवला की हा तुस्कानो कोण, आणि प्रभागात त्याची हवा खरंच आहे का, ते माणूस पाठवून बघा.

तेव्हा हवा करणं भाग पडलं.

आपल्याकडे हवा म्हणजे वाढदिवस. गॉडफ्रेभाऊंचा वाढदिवस मे महिन्यात असतो, तिकिटवाटप त्याच्या कितीतरी आधी होतं. समितीने तो पुढे ओढला. आमचे कार्यकर्ते केक घेऊन ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले, टोपी घातली, गाणं म्हटलं. गॉडफ्रेभाऊंनी मेणबत्ती विझवली. आतून त्यांची बायको ॲंजेलाबाई हात पुसत बाहेर आल्या.

"गॉडफ्रे, तुझा बर्थडे मेमध्ये ना?"

"हो ना."

"मग हा केक कसला?"

"पायनॅपल हाय. खा."

ॲंजेलाबाईंनी केक खाल्ला, पण आमच्याकडे बघत बघत खाल्ला.

केकनंतर बॅनर. आणि इथे समितीसमोर एक तात्त्विक पेच उभा राहिला, ज्याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणार नाही.

सुमेध म्हणाला, "बॅनरवर आपलं काहीच नको. नाव नको, फोटो नको, चिन्ह नको. नुसतं लिहायचं, 'शुभेच्छुक: मित्रपरिवार'."

 मागून एल्रॉयने विचारलं, "म्हणजे आमचे फोटो नाहीत?" (एल्रॉय हा आमचा युवा उपाध्यक्ष. आणखी सात युवा उपाध्यक्ष आहेत.)

"नाहीत."

"मग बॅनर कशाला?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे बॅनर ज्याचा वाढदिवस आहे त्याच्यासाठी नसतो, तो शुभेच्छा देणाऱ्यांसाठी असतो. मध्ये मोठ्या फोटोत कोण आहे हे दुय्यम. खाली दोन-तीन रांगांत गॉगल लावलेले जे चेहरे असतात, ते बॅनर लावतात, बांधतात, पावसात सावरतात आणि जाता-येता खाली उभे राहून त्याचा फोटो काढतात. ते चेहरे काढले तर खांबावर चढणार कोण? शुद्ध तत्त्वासाठी शिडी धरणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

एल्रॉय म्हणाला, "सुमेधदादा, तू अंधेरीला जातोस. आम्हाला इथे राहायचंय. आई विचारते, एवढं पक्षाचं काम करतोस, कुठे दिसत का नाहीस?"

तडजोड झाली. फोटो असतील, नावं नसतील. गुप्तता पाळली जाईल. (प्रभागात एकमेकांना सगळे चेहऱ्यानेच ओळखतात, नावं कोणालाच नीट माहीत नाहीत, हे नंतर लक्षात आलं.)

पण फोटो आले म्हणजे क्रम आला. बावीस कार्यकर्त्यांचे फोटो लागणार आणि वर नेत्याचा नाही, हा नेत्याचा अपमान. उद्या कोणी म्हणेल की पोरांनी भाऊंना डावललं. भाऊंपुढे विषय गेला तेव्हा ते मोठ्या मनाने म्हणाले, "माझा नसला तरी चालेल," आणि असं म्हणून त्यांनी खिशातून स्वतःचा नवा फोटो काढून टेबलावर ठेवला.

अशा रीतीने चौकातल्या खांबावर, वाडीच्या तोंडाशी, मच्छी मार्केटसमोर आणि तिन्ही टॉवरच्या गेटवर एकच बॅनर झळकला. मध्ये गॉडफ्रेभाऊ, केक कापताना. खाली बावीस शुभेच्छुक. आणि वर, डाव्या कोपऱ्यात, पांढऱ्या सदऱ्यात, हात जोडून, मान किंचित वाकवून, दिनानाथभाऊ किणी.

समोरच्यांचा मुंबईचा माणूस आला, त्याने बॅनर मोजले, चहा पिऊन गेला. तिकीट गॉडफ्रे तुस्कानो यांना जाहीर झालं.

त्या संध्याकाळी आमच्या कार्यालयासमोर फटाके वाजले. समोरच्यांच्या कार्यालयासमोर वाजले नाहीत, कारण ते आत बसून हे कसं झालं याचा विचार करत होते. प्रभागातल्या लोकांनी आवाज कुठून आला तेवढं ऐकून ठेवलं.

भाऊंनी घरी पेढे नेले. मीरावहिनी म्हणाल्या, "तिकीट तुम्हाला मिळालं की त्याला?"

"दोघांना. पण त्याला मिळालं हे जास्त चांगलं झालं."

"बरं. भावाला फोन करून सांगू का, स्टूल राहू दे म्हणून?"

"काढून टाक म्हणावं," भाऊ म्हणाले.

आता बॅनर उतरवायचे होते. त्यांचं काम संपलं होतं आणि भाऊ प्रचाराला निघाले की जागोजागी तेच विरोधकाला हात जोडून उभे दिसत होते. आचारसंहिता लागली होती, सगळे राजकीय बॅनर उतरवणारं पथक प्रभागात फिरत होतं. त्यांनी सगळे उतरवले, हे मात्र ठेवले. कारण आठवडाभरापूर्वी याच पथकाशी सुमेधने भर चौकात एक तास वाद घातला होता, की हा बॅनर राजकीय नाही, निव्वळ वाढदिवसाचा आहे, आणि माणसाच्या भावनेला हात लावायचा अधिकार कोणाला नाही. त्यांना ते पटलं होतं. आता सुमेध म्हणायला लागला की हा राजकीय आहे. पथकाचा प्रमुख म्हणाला, "साहेब, एक काहीतरी ठरवा." मग त्याने नियम सांगितला, की खासगी बॅनर ज्याचा आहे त्यानेच उतरवायचा. आम्ही गॉडफ्रेभाऊंकडे गेलो. म्हटलं, तुमचे बॅनर उतरवा. ते म्हणाले, "उतरवतो ना." ते कधी उतरवले नाहीत. नाही म्हणत नाहीत याचा अर्थ करतातच असा नव्हे, ही बाब समितीच्या छाननीतून सुटली होती.

एल्रॉयला आम्ही शिडी दिली. तो गेला, वर चढला आणि खाली आला. म्हणाला, "माझा फोटो आहे त्यावर. माझ्या हाताने नाही होणार."

यानंतर प्रचार रीतसर सुरू झाला.

टॉवरवाल्यांनी क्लब हाउसमध्ये दोन्ही उमेदवारांना प्रश्न विचारायचा कार्यक्रम ठेवला. सुमेध खूश झाला. वक्तृत्वात समोर शून्य आहे हे आमच्याकडे लेखी होतं. आधी दिनानाथभाऊ बोलले. पाऊण तास बोलले, मेट्रो आणली, उड्डाणपूल आणला, अर्नाळ्याला बोटींसाठी मोठा धक्का आणला. मग गॉडफ्रेभाऊ उभे राहिले. माइक हातात धरून तो चालू आहे का ते बघत राहिले. शेवटी क्षितिजा नावाच्या एका बाईंनी विचारलं. त्या रोज चर्चगेटला जाऊन येतात, त्यामुळे त्यांचा राग कायम तयार असतो.

"आमच्या गल्लीतले लाइट दोन वर्षं बंद आहेत. तुमच्या पक्षाने काय केलं?"

"काय नाय."

"म्हणजे?"

"काहीच नाय केलं. बरोबर हाय तुमचं."

"मग आम्ही तुम्हाला मत का द्यायचं?"

गॉडफ्रेभाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला. "हो ना," ते म्हणाले आणि खाली बसले.

हॉलमध्ये टाळ्या. उभ्या राहून टाळ्या. एक काका म्हणाले, "इतकं खरं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय." वास्तविक गॉडफ्रेभाऊ खरं बोलले नव्हते, ते फक्त 'हो' म्हणाले होते. बाईंनी उलटं विचारलं असतं तर त्यालाही हो म्हणाले असते. पण हा फरक समजावून सांगायला आम्ही स्टेजवर चढलो तेव्हा लोक समोशांकडे वळले होते. भाऊंनी शेवटचा प्रयत्न म्हणून माइकवरून गर्जना केली, "हा माणूस निष्क्रिय आहे!" मागच्या रांगेतून गॉडफ्रेभाऊंचा आवाज आला, "बरोबर बोलतात भाऊ." पुन्हा टाळ्या. त्या कोणासाठी होत्या हे समितीला अजून ठरवता आलेलं नाही.

मग रॅली. गॉडफ्रेभाऊंच्या रॅलीत सर्वांत पुढे त्यांची 'एल'वाली गाडी, आणि स्टिअरिंगवर अनुष्का नावाची मुलगी. तिची परीक्षा जवळ आली होती, आणि तिने विचारलं होतं की प्रचारामुळे माझा क्लास बुडणार नाही ना. गॉडफ्रेभाऊ म्हणाले होते, नाही बुडणार. अख्खी रॅली तिच्या मागून फर्स्ट गिअरमध्ये येत होती. बरोबर चौकात गाडी बंद पडली. समोरून आमची रॅली आली. मागे जायला जागा नाही, पुढे जायला रस्ता नाही, दोन्हीकडचे ढोल एकमेकांच्या तोंडावर वाजतायत.

"अगं, क्लच दाब!" भाऊ गाडीतून ओरडले.

"दाबू का, सर?" अनुष्काने गॉडफ्रेभाऊंना विचारलं.

"दाब ना."

"की नको?"

"राहू दे मग."

शेवटी आमच्याच पोरांनी उतरून धक्का मारला. आमचा रस्ता मोकळा करायचा होता, दुसरा इलाज नव्हता. पण दृश्य असं दिसलं की आमच्या पक्षाची उपरणी घातलेले तीस-चाळीस तरुण घाम गाळून गॉडफ्रे तुस्कानोंची गाडी पुढे ढकलतायत, वर खांबावर दिनानाथभाऊ हात जोडून उभे आहेत आणि खाली उघड्या जीपमध्ये पुन्हा दिनानाथभाऊ हात जोडून उभे आहेत. हे प्रभागातल्या घराघरात पोचलं. आमची रॅली थेट दाखवायची व्यवस्था सुमेधने चोख ठेवली होती.

मतदानाच्या दिवशी भाऊ सकाळपासून केंद्राबाहेर, नियमाने जिथपर्यंत उभं राहता येतं तिथे उभे होते. पहिल्याच तासाला जुन्या गावठाणातल्या कृष्णाबाई बाहेर आल्या. या भाऊंच्या वडिलांच्या वेळेपासूनच्या हक्काच्या मतदार. त्यांच्या गल्लीतलं मत कधी हललेलं नाही. त्यांनी भाऊंच्या गालावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

"तू सांगितलंस तसं केलं रे बाबा. त्या गाडीवाल्याला दिलं."

आपण चुकीचं ऐकलं असं भाऊंना वाटलं. "कोणाला, आजी?"

"त्यालाच रे. महिनाभर खांबावर उभा होतास हात जोडून त्याच्यासाठी. आमाला कळत नाय होय? आमी धा जनी आलो, धाच्या धा जनींनी त्यालाच दिलं."

"आजी, अहो, मी स्वतः उभा होतो!"

"तेच म्हनते ना मी. उनात उभा होतास."

रांगेत गावठाणातल्या आणखी बायका होत्या, भाऊंकडे बघून ओळखीचं हसत होत्या, मान डोलवत होत्या, की काळजी करू नको, आहे लक्षात. भाऊंनी तोंड उघडलं. शेजारच्या हवालदाराने नुसतं बोट वर केलं. केंद्रापाशी प्रचार करायला बंदी असते आणि मला मत द्या म्हणणं हा प्रचार आहे. भाऊंनी तोंड मिटलं. मग त्यांचे हात, इतक्या वर्षांच्या सवयीने, आपोआप जोडले गेले. रांगेने ओळखलं. बायका एकमेकींना म्हणाल्या, "बघ, अजून सांगतोय बिचारा."

गॉडफ्रे तुस्कानो चारशे अकरा मतांनी निवडून आले. ॲंजेलाबाई रडल्या. त्यांना वाटलं होतं, हे सगळं निकालाच्या दिवशी संपेल.

भाऊ घरी गेले. मीरावहिनींनी पाणी दिलं आणि सांगितलं, "लपवत नाही, मीपण त्यालाच दिलं."

"तू?"

"तुमचाच फोटो होता ना वर. मला वाटलं, एवढे हात जोडून सांगतायत तर ऐकावं एकदा."

सोमवारी भाऊ स्टुलावर बसले. पहिल्या गिऱ्हाइकाने विचारलं, ही टाइल घसरते का. भाऊ म्हणाले, आमच्या कार्यकाळात एकही टाइल घसरणार नाही.

समितीची आढावा बैठक झाली. पराभवाची कारणं नोंदवली गेली. पहिलं: विरोधकांची संघटना प्रबळ होती. (ती आमची होती.) दुसरं: विरोधकांचा प्रचार प्रभावी होता. (तोही.) तिसरं: आमचा प्रचार कमी पडला, कारण कार्यकर्ते दुसरीकडे गुंतले होते. निष्कर्ष असा, की पद्धत अचूक आहे, फक्त तिचा फायदा चुकीच्या पक्षाला झाला.

ही चूक पक्षाने लगेच दुरुस्त केली. महापौर बसवायला वर एक डोकं कमी पडत होतं. आमचे नेते गॉडफ्रेभाऊंच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले आणि म्हणाले, आमच्याकडे येता का? गॉडफ्रेभाऊ म्हणाले, "येतो ना." सदस्य ते होतेच.

ही बातमी टाइल्सच्या दुकानात पोचली तेव्हा भाऊ गिऱ्हाइकाला नमुने दाखवत होते. ते स्टुलावरून उठले आणि पुन्हा बसले. त्याच संध्याकाळी धनेश पाटील दुकानात आला, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे या. पुढचं तिकीट तुमचं."

"खरंच?"

"खोटं कशाला बोलू? तुमचं तिकीट जाहीर झालं तेव्हा आमच्याकडे पण पेढे वाटले होते."

भाऊंना गहिवरून आलं. मीरावहिनींनी दारातून विचारलं, "आणि दुकान?" भाऊ म्हणाले, "पाच वर्षांनी बघू." वहिनींनी स्टूल आत नेऊन ठेवलं, फेकलं मात्र नाही.

समितीने समाधानाचा ठराव केला. समोरच्या पक्षाने कमकुवत उमेदवार द्यावा हे आमचं एकमेव उद्दिष्ट होतं आणि ते आता पूर्ण झालं आहे. समोरच्यांचा पुढचा उमेदवार दिनानाथ किणी आहेत. त्यांचा कमकुवतपणा कोणी वेगळा सिद्ध करायची गरज नाही. आम्ही त्यांना आतून ओळखतो.

दोन्ही प्रवेश एकाच रविवारी, एकाच चौकात झाले. मांडववाला एकच होता, त्याने मांडवही एकच घातला. सकाळी समोरच्यांचा पडदा, मग आमचा. अख्खा प्रभाग लोटला होता. गावठाण आलं, टॉवर आले, वॉचमन गेट सोडून आले. तुम्हीही होता, डाव्या बाजूला, मोबाइल उंच धरून. दिनानाथभाऊंच्या गळ्यात हार पडला तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि पडदा बदलून गॉडफ्रेभाऊंच्या गळ्यात पडला तेव्हाही वाजवल्यात. मग दोघांबरोबर एकेक फोटो काढून घेतलात.

नव्या नगरसेवकांच्या सन्मानार्थ आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने पालिकेच्या पाणी सोडणाऱ्या वॉल्व्हवाल्याला गाठून त्या दुपारी प्रभागाला जादा पाणी सोडायला लावलं होतं. ही घोषणा स्टेजवरून करायची राहून गेली, कारण बँड थांबेना. आपल्याकडे नळ उघडा ठेवून खाली रिकामं पातेलं ठेवायची पद्धत आहे, आवाज आला की धावायचं. पाऊण तास पूर्ण दाबाने पाणी आलं. घरात कोणी नव्हतं. पातेली भरून वाहिली, पाणी घरभर होऊन जिन्यावरून गटारात गेलं. तुमच्या घरातली जमिनीवरची गादी तेवढी भिजली. पुढचं पाणी गुरुवारी आहे.